सूड हाती आला असता

कादंबरी या वाङ्मयप्रकाराला, आणि त्यातही ऐतिहासिक कादंबरीला, सूडाइतका इमानी चाकर दुसरा लाभलेला नाही. अन्याय एकदा घडला, की त्याची फेड होईपर्यंत वाचकाला स्वस्थता नसते. नायक अंधारकोठडीत असो, परमुलखात असो, की वेषांतर करून वैऱ्याच्याच दिवाणखान्यात पाहुणा म्हणून बसलेला असो, त्याच्या मनात जपलेला तो एक हिशेब कधी ना कधी चुकता होणार आहे या भरवशावर पाचशे पाने कंटाळा न येता उलटली जातात. अलेक्झांडर द्यूमाने १८४४ ते १८४६ या काळात पॅरिसच्या वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध केलेली ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ ही या भरवशाची पराकोटी होय. अशा वाङ्मयप्रकाराला श्रद्धाळू ख्रिस्ती लेखकाने हात घातला, म्हणजे त्याच्यापुढे एक विलक्षण पेच उभा राहतो. ज्या ग्रंथावर त्याची निष्ठा, त्यात क्रूसावर खिळलेला पुरुष आपल्याला खिळणाऱ्यांसाठीच क्षमा मागतो. अपराध्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे काय, असे शिष्य विचारतो तेव्हा त्याला सातांच्या सत्तरपटीचा आकडा ऐकावा लागतो. आणि पहिला हुतात्मा स्तेफन अंगावर धोंडे पडत असताना मारेकऱ्यांसाठी प्रार्थना करतो. मराठी वाचकालाही ही कथा सर्वस्वी परकी नाही. फादर स्टीफन्सच्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’च्या रूपाने ती १६१६ सालीच गोव्यात छापली गेली आहे.

तेव्हा वाचकाला हवा असलेला सूड त्याला द्यायचा, आणि नायकाच्या हाताला रक्ताचा डागही लागू द्यायचा नाही, अशी दुहेरी चाकरी या लेखकाला करावी लागते. या पेचातून निसटण्याची एक सोपी वाट आहे, आणि दुय्यम दर्जाच्या शेकडो धार्मिक कादंबऱ्या त्याच वाटेने गेलेल्या आहेत. नायकाने उदारपणे तलवार म्यान करावी, आणि नेमक्या त्याच क्षणी भिंत कोसळावी, गलबत बुडावे, घोडा उधळावा, की वैरी मेला आणि पुण्यही पदरात पडले! दैवाकडे सोपवलेल्या या मारेकरीपणाला क्षमा म्हणणे मला तरी जमत नाही. म्हणून या प्रकरणात ज्या तीन कादंबऱ्यांचा विचार करावयाचा आहे, त्यांना मी एकच प्रश्न विचारणार आहे: वैऱ्याचे शेवटी काय झाले, ते कोणाच्या हातून झाले, आणि नायकाने क्षमा केली तेव्हा सूड घेण्याचे सामर्थ्य त्याच्या हाती होते की नव्हते?

यांपैकी सर्वांत गाजलेली कादंबरी ‘बेन-हर’ लिहिणारा ल्यू वॉलेस हा १८२७ साली अमेरिकेतील इंडियाना संस्थानात जन्मलेला वकील आणि शिपाईगडी होता. यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत तो मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला. परंतु ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या रणभूमीवर त्याच्या कपाळी जो डाग लागला, तो पुसण्यात त्याचे उरलेले आयुष्य गेले. लढाईला तोंड लागले तेव्हा त्याची फौज काही मैलांवर नदीकाठी थांबलेली होती. सेनापती ग्रँटचा हुकूम आल्यावर ती एका रस्त्याने निघाली, तो रस्ता उपयोगाचा नाही असे कळताच अर्ध्या वाटेवरून मागे वळून दुसऱ्या रस्त्याला लागली, आणि रणांगणावर पोचली तेव्हा त्या दिवसाची लढाई आटोपलेली होती. हुकुमात कोणता रस्ता लिहिला होता याविषयी दोघांच्या जबान्या कधीच जुळल्या नाहीत. ठपका मात्र वॉलेसवर आला, आणि पुढे वीस-बावीस वर्षे तो कैफियती लिहीत राहिला. अखेर १८८५ च्या सुमारास, त्याच लढाईत कामी आलेल्या दुसऱ्या एका वॉलेस नावाच्या सेनापतीच्या विधवेने एक जुने पत्र पुढे केल्यावर, मरणाच्या दारी बसून आत्मवृत्त लिहिणाऱ्या ग्रँटने त्यात एक टीप घालून आपला आरोप सौम्य केला. घराच्या गच्चीवरून एक सैल कौल निसटून रोमन सुभेदाराच्या डोक्यावर पडावे आणि तेवढ्या अपघातापायी एका निरपराध तरुणाला जन्मठेपेने गलबताची वल्ही मारावी लागावीत, ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली तो स्वतः खोट्या ठपक्याखाली दिवस काढीत होता, याकडे टीकाकारांनी वारंवार बोट दाखवले आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु या मनुष्याची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. अध्यक्ष लिंकनच्या खुनाच्या कटाचा खटला १८६५ साली ज्या लष्करी मंडळापुढे चालला, त्याचा वॉलेस हा एक सभासद होता. चौघांना त्या खटल्यात फाशी झाली, आणि त्यांत एक स्त्री होती. त्याच वर्षी अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीचा अंमलदार हेन्री विर्झ याला फासावर पाठवणाऱ्या न्यायमंडळाचा तर तो अध्यक्षच होता. १८७८ साली तो न्यू मेक्सिको मुलखाचा गव्हर्नर म्हणून सँटा फे येथे रुजू झाला, तेव्हा लिंकन परगण्यात व्यापाराच्या मक्तेदारीवरून दोन टोळ्यांत माणसे कापली जात होती. त्याने १३ नोव्हेंबर १८७८ रोजी सरसकट माफीचा जाहीरनामा काढला. ज्यांच्यावर आधीच आरोप दाखल झाले होते तेवढ्यांना मात्र त्यातून वगळले. वगळलेल्यांत ‘बिली द किड’ या नावाने पुढे दंतकथा झालेला एक कोवळा बंदूकबाज होता. मार्च १८७९ मध्ये एका रात्री गव्हर्नरने त्याची गाठ घेतली आणि साक्ष दिल्यास माफी मिळेल असे अभिवचन दिले. त्याने साक्ष दिली. सरकारी वकिलाने आरोप मागे घेण्यास साफ नकार दिला, आणि गव्हर्नरनेही आपला शब्द फारसा रेटला नाही. १२ नोव्हेंबर १८८० रोजी ‘बेन-हर’ ही कादंबरी न्यूयॉर्कच्या हार्पर मंडळींनी प्रसिद्ध केली. पुढच्याच महिन्यात तिच्या लेखकाने बिलीच्या अटकेसाठी ५०० डॉलरचे इनाम जाहीर केले. १८८१ च्या वसंतात त्या पोराने सँटा फेच्या तुरुंगातून दिलेल्या वचनाची आठवण करून देणारी पत्रे धाडली. त्यांना उत्तर गेले नाही. तुरुंग फोडून पळालेला बिली त्याच वर्षी जुलैत शेरीफ पॅट गॅरेटच्या गोळीने मेला.

क्रूसारोहणाचा प्रसंग ज्या सरकारी वाड्यात बसून लिहिला, त्याच वाड्यातून इनामाचा हुकूम सुटला, एवढ्यावरून वॉलेसला दांभिक ठरवणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. १८७६ साली आगगाडीच्या प्रवासात नास्तिक वक्ता रॉबर्ट इंगरसोलशी त्याची गाठ पडली, आणि आपण ज्या धर्मात जन्मलो त्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही याची शरम वाटून तो अभ्यासाला लागला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पॅलेस्टाइनची भूमी न पाहता केवळ नकाशे आणि ग्रंथ यांच्या आधारे त्याने तेथील डोंगर-दऱ्या उभ्या केल्या, ही निष्ठा खोट्या मनुष्याची नव्हे. इतकेच की, माफी ही त्याच्या अनुभवात राज्यकारभाराची बाब होती. तिला मुदत असे, अटी असत, वगळलेल्यांची यादी असे. कादंबरीतही हा अंमलदार लपलेला नाही.

ज्यूडा बेन-हर आणि मेसाला हे बालमित्र. कौल पडल्यावर मेसालाच मित्राकडे बोट दाखवतो, ज्यूडाच्या इस्टेटीची जप्ती होते, तिचा वाटा मेसालाच्या पदरात पडतो, आणि ज्यूडाची आई व बहीण कोठडीत कुष्ठरोगाने सडतात. पुढे अँटिऑकच्या शर्यतीत दोघे समोरासमोर येतात. ही शर्यत चित्रपटामुळे जगभर पोचली. पण कादंबरीत तिचा निकाल कसा लागतो ते पुष्कळांना माहीत नसते. प्रेक्षकांच्या नजरेस येणार नाही अशा बेताने ज्यूडा लगाम किंचित ओढतो, आपल्या रथाच्या आसाचे लोखंडी टोक मेसालाच्या चाकात घालतो आणि ते चाक चुरून टाकतो. मेसाला मरत नाही. तो जन्माचा पांगळा होतो, आणि पैजांमध्ये त्याची सारी दौलत अगोदरच अडकवून ठेवलेली असल्यामुळे त्याच दिवशी कंगालही होतो. सूड पैशाअडक्यासह वसूल झाला, आणि तो नायकाने स्वतःच्या हातांनी वसूल केला. पुढे मेसालाचा खून होतो, तोही उपसंहारात, त्याच्याबरोबर राहिलेल्या आयरास या स्त्रीच्या हातून, आणि ही वार्ता सांगायला ती बेन-हरच्या घरी येते. बेन-हरने मेसालाला क्षमा केल्याचा प्रसंग या कादंबरीत कोठेही नाही. ज्या पुस्तकाने अमेरिकेतील सनातनी प्रॉटेस्टंट कुटुंबांत कादंबरीला प्रथमच सन्मानाने दार उघडून दिले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्याने ‘अंकल टॉम्स केबिन’लाही खपात मागे टाकले, त्याची ही वस्तुस्थिती आहे!

मग बेन-हर सोडतो ते काय? तो फौज सोडतो. गॅलिलीत गुप्तपणे तीन पलटणी उभारून, त्यांना कवायत शिकवून, येशू आपल्या राज्याची द्वाही फिरवील त्या क्षणी रोमवर तुटून पडायचे, असा त्याचा मनसुबा असतो. आणि ज्याच्यासाठी फौज उभारली तोच मुकाट्याने धरला जातो, तेव्हा हे सारे सामर्थ्य वापराविना हातात राहते. व्यक्तीवरचा सूड पचवून झालेल्या या नायकाला राष्ट्राचा सूड मात्र गिळावा लागतो. ज्याने स्वतः पलटणी हाकल्या होत्या त्या लेखकाची लेखणी येथे विलक्षण प्रामाणिक होते. मित्राच्या विश्वासघाताविषयी क्षमा म्हणजे काय, हे वॉलेसला लिहिता आले नाही. पण हुकुमाची वाट पाहत उभी असलेली फौज परत पाठवताना मनुष्याचे काय होते, ते त्याला आतून कळले होते. बेन-हर पुढे आपली संपत्ती रोममधील भुयारी दफनभूमीसाठी खर्चतो. इतिहासातली ती दफनभूमी दुसऱ्या शतकाच्या अखेरीची आहे. पण एवढी सवलत कादंबरीकाराला द्यायला हरकत नाही.

पुढच्या पिढ्यांना मात्र हा मूळ नायक पचला नाही. १८९९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नाटक आले, त्यात यांत्रिक पट्ट्यांवर खरे घोडे धावले, आणि लेखकाच्या अटीमुळे येशूच्या जागी नट न येता केवळ प्रकाशाचा झोत आला. १९५९ च्या चित्रपटाने चाके चुरण्याचे पाप ज्यूडाकडून काढून घेतले: तेथे मेसालाच्याच रथाला पाती बसवलेली असतात, तोच कपटाने लढतो आणि आपल्या कर्माने मरतो, ज्यूडाच्या मनातले विष त्यानंतरही उरते, आणि ते उतरते क्रूसापाशी. २०१६ च्या चित्रपटात तर पाय गमावलेल्या मेसालाला ज्यूडा उराशी धरतो. मूळ कथेत नसलेली क्षमा उत्तरकालीन कथनकारांनी भीत भीत, एकेक पाऊल टाकीत आत आणली, असे हे दृश्य आहे. आपल्याकडेही असे घडलेले आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात झोपेत मारल्या गेलेल्या पाच पुत्रांची आई द्रौपदी अश्वत्थाम्याच्या वधासाठी प्रायोपवेशनाला बसते. भागवतकाराने त्याच द्रौपदीपुढे बांधून आणलेला अश्वत्थामा उभा केला, आणि जसे माझे डोळे वाहतात तसे या गुरुपुत्राच्या आईचे वाहू नयेत, असे म्हणून तिच्याकडून त्याचे बंध सोडवले. दोन्ही द्रौपदी आपल्याला आपल्याच वाटतात. हॉलीवूडने हा प्रवास सव्वाशेहून थोड्या अधिक वर्षांत उरकला, एवढेच.

आता हाती शस्त्र नसलेल्यांची क्षमा. पोलंड हे राष्ट्र १७९५ नंतर नकाशावरून पुसले गेले होते, १८६३ चे बंड रशियाने चिरडले होते, आणि अशा वॉर्सात १८९५-९६ मध्ये हेन्रिक शेनकेविचची ‘क्वो वादिस’ ही कादंबरी वृत्तपत्रातून क्रमशः येत होती. नीरोच्या रोममध्ये ओलीस ठेवलेली राजकन्या लिगिया आणि तिचा राक्षसी ताकदीचा सेवक उर्सुस हे ज्या लिगी जमातीचे, तिचा मुलूख आजच्या पोलंडच्या भूमीत येतो, हे तेथील वाचकाला सांगावे लागत नव्हते. नीरोच्या जागी कोणाला वाचायचे हेही नाही. दुर्बलाच्या क्षमेवर जो आक्षेप नेहमी घेतला जातो, की ज्याला मारता येत नाही त्याने माफ केले तर त्यात मोठेपणा कोणता, तो आक्षेप शेनकेविचला चांगलाच ठाऊक होता, आणि म्हणून त्याने एकाच माणसाकडून एकाच अपराध्याला दोनदा क्षमा करवली आहे.

खिलो हा ग्रीक तोंडाळ, विद्वान, भित्रा आणि विकाऊ. ग्लौकुस नावाच्या ख्रिस्ती वैद्याचा त्याने पूर्वी घात केलेला, त्याची बायकामुले गुलामांच्या व्यापाऱ्यांना विकलेली. कथेच्या मध्यावर हाच खिलो ख्रिस्ती मंडळींच्या घरात सापडतो, उर्सुसच्या पोलादी पंजात त्याची मानगूट असते, आणि एका शब्दाने ती मोडली असती. ग्लौकुस तेथे त्याला सोडून देतो. येथे सामर्थ्य हाती होते. आणि परिणाम काय? खिलो सुधारत नाही! वाचलेला जीव घेऊन तो पळतो, पुढे आपल्याला बसलेल्या फटक्यांचा राग मनात धरून रोमच्या आगीचा आळ ख्रिस्ती लोकांवर घालायला दरबारात मदत करतो, आणि त्याच्याच जबानीवर शेकडो माणसे पकडली जातात. क्षमेने दुर्जनाचे हृदय तात्काळ वितळते हा धार्मिक कादंबऱ्यांचा लाडका समज शेनकेविचने येथे निर्दयपणे मोडला आहे, आणि या धैर्यासाठी मी त्याला वॉलेसच्या पुष्कळ वर ठेवतो.

दुसरी क्षमा नीरोच्या बागेत होते. ख्रिस्ती कैद्यांना मशालींप्रमाणे जाळून रात्रीच्या मेजवानीला उजेड केला गेला, ही कवीची कल्पना नाही. तासितुस या रोमन इतिहासकाराने इसवी सन ६४ च्या आगीनंतरच्या वृत्तांतात ती नोंदवलेली आहे. त्या खांबांच्या रांगेतून बादशाही लवाजम्याबरोबर चालताना खिलोला एका खांबावर ग्लौकुस जळताना दिसतो. तो कोसळतो आणि क्षमा मागतो. वरून ती मिळते. यावेळी ग्लौकुसच्या हाती काहीही नाही, पण पहिल्या वेळचा दाखला वाचकाच्या मनात असल्यामुळे या क्षमेला कोणी लाचारी म्हणू शकत नाही. आणि आता, सबंध कादंबरीत स्वतःच्या सावलीला भ्यालेला हा मनुष्य उठून सम्राटाकडे बोट दाखवतो आणि आग लावणारा हा आहे असे ओरडतो. त्यानंतर त्याची जीभ कापली जाते, मरणही येते. शेनकेविचला १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले; त्याच्या भडक रंगांना नाके मुरडणारे टीकाकार तेव्हाही होते, आणि रिंगणातले त्याचे वर्णन मलाही काही ठिकाणी अति होते. खिलोचे पात्र मात्र अव्वल.

या दोघांच्याही कितीतरी आधी, आणि कितीतरी खोल जाऊन, मिलानच्या आलेस्सांद्रो मान्झोनीने हा विषय हाताळला होता. ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे वाङ्निश्चय झालेली जोडी, ही त्याची कादंबरी १८२७ मध्ये प्रथम पुरी छापून आली, आणि पुढे तिची भाषा फ्लॉरेन्सच्या बोलीवर घासूनपुसून त्याने १८४० ते १८४२ मध्ये ती नव्याने काढली. काळ १६२८ ते १६३० चा, मुलूख लोंबार्डी, अंमल स्पेनचा. रेन्झो हा रेशीमगिरणीतला कारागीर आणि लुचिया त्याची वाग्दत्त वधू. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दोन भाडोत्री गुंड गावच्या पाद्र्याला वाटेत गाठतात आणि हे लग्न लावायचे नाही असे बजावतात. कारण गावच्या गढीत राहणाऱ्या डॉन रोद्रिगो या सरदाराने त्या मुलीवरून आपल्या चुलतभावाशी पैज मारलेली असते.

मान्झोनीचे वेगळेपण असे, की तो सूडाची कहाणी सांगण्यापूर्वी दाद मागण्याची कहाणी सांगतो. गुंडांच्या बंदोबस्ताचे सरकारी जाहीरनामे तो एकामागून एक, तारीखवार, सुभेदारांच्या लांबलचक किताबांसकट पानभर उतरवतो: १५८३ चा, त्यानंतरचा, त्याच्याही नंतरचा, आणि प्रत्येक नवा जाहीरनामा हाच मागचा जाहीरनामा निष्फळ ठरल्याचा पुरावा असतो. रेन्झो चार पोसलेले कोंबडे नजराणा म्हणून घेऊन वकिलाकडे जातो. वकील त्याला गुन्हेगारच समजतो, म्हणून मोठ्या प्रेमाने कायद्यातल्या पळवाटा समजावू लागतो. पण हा फिर्यादी आहे आणि फिर्याद डॉन रोद्रिगोविरुद्ध आहे हे कळताच कोंबड्यांसह त्याला घराबाहेर काढतो. वकिलाकडे जाताना वाटेत रेन्झो रागाने हात झटकीत चालताना उलटे टांगलेले ते चार कोंबडे एकमेकांनाच टोचीत असतात, ही मान्झोनीची मिस्किल नोंद या कादंबरीच्या पहिल्या भागाचे सार सांगून जाते. जेथे अदालत ही बलवानांची बटीक आहे, तेथे नाडलेल्या माणसापुढे सुरी उरते, आणि रेन्झोचा हात वारंवार तिच्याकडे जातो. त्याला क्षमेचा उपदेश करणे म्हणजे अन्यायाला हातभार लावणे नव्हे काय? हा प्रश्न लेखक टाळत नाही. म्हणूनच तो उपदेश करण्याचे काम त्याने अशा माणसाला दिले, की ज्याने सूड चाखलेला आहे.

फ्रा क्रिस्तोफोरो हा जटिल दाढीचा कापुचिन साधू पूर्वाश्रमीचा लोदोविको, एका धनाढ्य व्यापाऱ्याचा गर्विष्ठ पोरगा. भर रस्त्यात भिंतीकडेची बाजू कोणी सोडायची, एवढ्या क्षुल्लक मानपानावरून एका उमरावाशी त्याची चकमक उडाली. त्यात त्याचा म्हातारा इमानी नोकर क्रिस्तोफोरो पडला, आणि त्याने उमरावाला ठार केले. पश्चात्तापाने तो मठात शिरला, नोकराचे नाव त्याने धारण केले, आणि मृताच्या भावापुढे जाऊन गुडघे टेकले. भावाने हा प्रसंग घराण्याच्या विजयाचा सोहळा म्हणून योजलेला होता. सारे गोत भरजरी पोशाखांत दिवाणखान्यात दाटले होते. पण गुडघे टेकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा खरेपणा पाहून सोहळ्याची हवाच निघून गेली, भावाने त्याला उठवून मिठी मारली, आणि जाताना साधूने क्षमेची खूण म्हणून एक भाकरी मागून घेतली. त्यातला एक तुकडा तो जन्मभर जवळ बाळगतो.

हा साधू आणि रेन्झो यांची शेवटची गाठ मिलानच्या वेशीबाहेरच्या प्लेगच्या इस्पितळात, लाझारेत्तोमध्ये, १६३० साली पडते. मान्झोनीने तेथील रोग्यांचा आकडा १६,००० दिलेला आहे. साधू स्वतः मरणपंथाला लागलेला असूनही शुश्रूषा करीत फिरतो. लुचियाला शोधत आलेला रेन्झो त्याला म्हणतो, की ती हाती लागली नाही तर त्या दुष्टाला मी हुडकून काढीन. प्लेगनेच आधी न्याय केला असला तर गोष्ट वेगळी. प्रकरणाच्या आरंभी मी जी सोपी वाट सांगितली, ती येथे मान्झोनीने नायकाच्याच तोंडात घालून उघडी पाडली आहे. प्लेग वैऱ्याला नेणार, हे लेखकाला ठाऊक आहे. पण प्लेगने परस्पर हिशेब मिटवला आणि नायकाचे काम वाचले, एवढ्यावर तो नायकाला सुटू देत नाही. आतापर्यंत मृदू असलेला साधू कडाडतो. मीही द्वेष केला आहे, ज्याचा द्वेष केला त्याला ठार केले आहे, आणि त्यासाठी एखादे समर्थन असते तर इतक्या वर्षांत मला ते सापडल्याशिवाय राहिले असते काय, अशा अर्थाचे त्याचे बोलणे आहे. रेन्झो तोंडाने क्षमा केल्याचे म्हणतो, तेवढ्यानेही साधूचे समाधान होत नाही. तो त्याचा हात धरून एका खोपट्यात नेतो. तेथे बेशुद्ध, काळवंडलेला, छातीवर हात आवळलेला डॉन रोद्रिगो पडलेला असतो. एक उशी दाबण्याइतकाच सूड आता बाकी आहे, आणि तो घेतला तर कोणाला कळणारही नाही. याच्यासाठी प्रार्थना कर, असे साधू सांगतो. याला शिक्षा म्हणून हे दुखणे आले की दया म्हणून, हे आपल्याला ठाऊक नाही. रेन्झो हात जोडतो. रोद्रिगो शुद्धीवर येत नाही, क्षमा झाल्याचे त्याला कळत नाही, तो सुधारत नाही, कोणाच्या गळ्यात पडत नाही. अपराध्याच्या प्रतिसादावाचून घडणारी एवढी कोरडी क्षमा दुसऱ्या कोणत्याही धार्मिक कादंबरीत माझ्या वाचनात आलेली नाही. साधू मागाहून भाकरीचा तो तुकडा नवदांपत्याला देतो; पुढे होणाऱ्या मुलांना दाखवा, असे सांगतो. लग्नाच्या मेजवानीत मात्र मान्झोनी पुन्हा मूळचा मिस्किल होतो: रोद्रिगोचा सज्जन वारस या जोडप्याला स्वतः वाढतो, परंतु त्यांच्या पंक्तीला बसत नाही.

याच १८४०-४२ च्या आवृत्तीत मान्झोनीने कादंबरीला एक ऐतिहासिक निबंध जोडला, आणि पुष्कळ भाषांतरकार तो रुक्ष म्हणून गाळतात. त्याच प्लेगमध्ये आरोग्य कचेरीचा एक अंमलदार, गुल्येल्मो पियात्सा, पावसात भिंतीच्या कडेने चालताना हात पुसताना बायकांना दिसला. तो विषारी मलम फासून रोग पसरवतो असा गवगवा झाला, त्याचे हाल हाल करण्यात आले, आणि खरे सांगितल्यास माफी मिळेल असे आमिष दाखवल्यावर त्याने जियान जाकोमो मोरा नावाच्या एका न्हाव्याला गोवले. माफी मिळाली नाही. दोघांनाही अमानुष रीतीने मारण्यात आले, मोराचे घर जमीनदोस्त करून त्या जागी बदनामीचा स्तंभ उभारला गेला, आणि तो १७७८ पर्यंत तेथे होता. मान्झोनीचा आजोबा चेझारे बेक्कारिया याने १७६४ साली ‘गुन्हे आणि शिक्षा’ यांवरचा आपला जगप्रसिद्ध प्रबंध लिहून असल्या छळाविरुद्ध युरोपभर रान उठवले होते. बेक्कारियाचा मित्र पिएत्रो वेर्री याने खास याच खटल्यावर लिहिताना सारा दोष त्या काळच्या अज्ञानावर आणि छळाच्या कायद्यावर टाकला होता. मान्झोनीला हे मान्य नव्हते. त्या काळचे कायदे जसे होते तसेच पाळले असते तरी हे दोघे सुटले असते, असे त्याचे म्हणणे होते. रेन्झोकडून ज्याने डॉन रोद्रिगोसाठी हात जोडवले, त्या लेखकाने या न्यायाधीशांना काळाच्या नावावर सोडून दिले नाही. दोनशे वर्षे उलटून गेल्यावर दप्तरातले सवाल-जबाब एकेक करून पुढे मांडीत, त्यांनी कोणत्या ठिकाणी आपल्याच नियमांवरून जाणूनबुजून नजर काढून घेतली, ते त्याने लिहून काढले.